टेबलाखालचा डबा

माझा डबा शैलाताईंनी टेबलाखाली सरकवला. पायानं.

टोकियोतल्या माझ्या नातीच्या अमेरिकन शाळेचा हॉल होता. टेबलावर सगळ्या आयांनी करून आणलेलं खाणं मांडलं होतं. केक, सुशी, शैलाताईंचे साबुदाणेवडे. गावाहून आणलेल्या पिठाची माझी भाकरी आणि ठेचा मात्र खाली, कचऱ्याच्या पिशवीशेजारी.

"जागाच नाही हो आजी," त्या म्हणाल्या.

जागा होती.

ह्याच शैलाताई टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या घरी येऊन माझी भाकरी मागून खायच्या. मग एक दिवस खाताखाता विचारलं, "आडनाव काय हो तुमचं? दारावर नुसतंच नाव आहे." मी सांगितलं. त्यांनी हातातला तुकडा ताटलीत ठेवला. गॅसवर दूध राहिलंय म्हणाल्या आणि गेल्या. परत आल्या नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. दोन हजार साल लागताना कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून काम चाललं होतं, त्यासाठी माझ्या मुलाला जपानला बोलावलं होतं. नातीची फी कंपनी भरायची. त्या दिवशी घानातल्या एका खेड्यातल्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. त्यांची शाळा आणि नातीची शाळा कायमची जोडायची, असं चाललं होतं. शैलाताई पालकांच्या कमिटीत.

"आजी, तुम्ही मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घाला. आफ्रिकेतल्या मुलांना द्यायचेत."

मी गेले. खोकी भरून कपडे. बटणं तुटलेले, काखेत पिवळे पडलेले. कापूस भरलेले जाड कोट. घानात काय बर्फ पडतो?

मग एक फ्रॉक हातात आला. निळा.

चौथीत असाच एक माझ्या अंगावर होता. आमच्या घरी नवं कापड येत नसे. आई पाटलांचं अंगण झाडायची, त्यांच्या अंगावरून उतरलेलं आम्ही घालायचो. तीच रीत होती. पाटलाची पोरगी भर वर्गात उठून म्हणाली, "गुरुजी, तो माझा फ्रॉक आहे." गुरुजी हसले. सगळा वर्ग हसला. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले नाही. नंतरही नाही. माझी शाळा तिथं संपली.

नात पळत आली. "आजी, पहिला गठ्ठा मीच देणार! स्टेजवर. फोटो काढणार आहेत."

तिच्या मागून मुख्याध्यापिका आल्या, हात धुवायला. माझ्याच वयाच्या. त्यांनी एक कोट उचलला, उलटा-सुलटा पाहिला, परत ठेवला. तोंडावर काही दिसू दिलं नाही. ते तोंड मी ओळखलं. माझ्या आईचं होतं.

"विचार त्यांना," मी नातीला म्हटलं, "हे त्यांनी मागितलं होतं का?"

नातीनं विचारलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "नाही म्हणतात. त्यांना टीचर पाहिजेत. तिकडचे इकडे येणार, इकडचे तिकडे. दर वर्षी. मुलंपण. कपडे कोणी मागितले, असं म्हणतात."

तेवढ्यात शैलाताई. "चला चला, फोटो!"

मी गठ्ठ्यावर हात ठेवला. "माझी नात हे देणार नाही."

"अहो आजी, दान आहे हे."

"उतरलेलं आहे. मी घातलंय, मला सांगू नका."

"तुम्हाला काय कळतंय ह्यातलं? तुमच्या मुलाला तरी विचारा."

"मुलाला कशाला? डबा माझा सरकवलात."

शैलाताई लाल झाल्या. स्टेजवरून नातीच्या नावाचा पुकारा झाला. नात माझ्याकडे बघत उभी राहिली, मग गेली. रिकाम्या हातांनी. माईकवर इंग्रजीत काय बोलली ते मला कळलं नाही. फोटो मात्र निघाला नाही. मी टेबलाखालचा डबा काढला, वड्यांचं ताट बाजूला सारलं आणि मधोमध ठेवला. झाकण उघडून.

घरी मुलगा चिडला. "आई, इथं कुणाला काही माहीत नव्हतं."

"मला होतं."

"इथं तरी सुखानं राहू द्यायचं होतंस."

 दारावरची पाटी त्यानंच लावली होती, आडनाव गाळून. सकाळी ती मी उपटली. नातीकडून नवी लिहून घेतली. आडनावासकट, मराठी, इंग्रजी, जपानी, तिन्ही भाषांत. खिळा मीच ठोकला.

नात घानाला जाणार असेल तर त्या मुलांच्या शेजारी बाकावर बसायला जाईल. गठ्ठा घेऊन नाही. आणि जाईल ती ह्याच आडनावानं.