उदाहरणातून काढलेली ओळ

मी कंप्युटर सायन्सचा पदवीधर आहे, आमच्या घरातला पहिलाच. गावात कुणाला झपाटलंय म्हटलं की आधी ताप बघा म्हणणारा. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर मी रागावणार नाही... मीही हसलो असतो.

बारामतीत एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी माहितीपुस्तिका लिहितो. सध्या ज्या टूलवर लिहितोय, त्यातून एआय एजंट दूरच्या कंप्युटरला लेखी कमांड देतो, ती तिकडे चालते आणि उत्तर इकडे येतं. आमचा नियम असा की, स्वतः चालवून न बघितलेलं उदाहरण पुस्तिकेत घालायचं नाही. आणि आलेल्या उत्तरात फालतू ओळी असतील तर त्या काढून टाकायच्या, वाचणारा गोंधळू नये म्हणून. चाचणीसाठी खराब नेटवर्कवरचा एक कंप्युटर हवा होता. मी म्हटलं, आमच्या गावी, निरवांगीच्या घरी ठेवू.

माझे वडील, आबा, कालव्यावर पाटकरी होते. पाळीप्रमाणे दार उघडून शेतांना पाणी सोडायचं, हे त्यांचं काम. मशीन टेबलावर ठेवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्ये करतं काय?" मी समजावलं.

"म्हंजी तू तिकडनं चिठ्ठी धाडायची आन ह्यानं हितलं दार उघडायचं," ते म्हणाले. "आरं, आमी जल्मभर दुसरं काय केलं? फकस्त आमाला टेबल न्हवतं."

पुस्तिकेचा पहिला परिच्छेद मी त्यावरूनच लिहिला. ऑफिसातल्या साहेबांना तो फार आवडला होता.

त्या मशीनला कॅमेरा नाही, माइक नाही, कीबोर्डसुद्धा जोडलेला नाही. हे लक्षात ठेवा.

मंगळवार होता. आई वरकुट्याला मावशीकडे गेली होती, आबा घरी एकटे. दुपारी पुस्तिका पाठवायची होती आणि एकच उदाहरण उरलं होतं — एजंटने डिस्कवर किती जागा शिल्लक आहे ते विचारायचं. अकरा चाळीसला मी ते चालवलं. उत्तरात नेहमीचे आकडे आले, आणि त्यांच्याखाली मराठीत एक ओळ —

आबा उठंनात. हितं पडल्यात.

शेजारच्या टेबलावर निखिल बसतो, पुण्याचा. त्या मशीनवर तोही चाचण्या चालवतो, आणि माझ्या बोलण्याची रोज नक्कल करतो. मी म्हटलं, "निख्या, आज नको. दीड वाजता पाठवायचंय."

"मी काय केलं?"

"गावाकडचं बोलणं घालतोस ते. निदान माझ्या वडिलांना त्यात ओढू नकोस."

"अरे बाबा, 'न्हाय' आणि 'व्हय'च्या पुढे माझी गाडी जाते का?" तो स्क्रीन न बघताच म्हणाला.

मला ते खरं वाटलं नाही. उत्तर पुस्तिकेत चिकटवलं होतं, त्यातून ती ओळ मी काढून टाकली. खात्रीसाठी उदाहरण पुन्हा चालवलं. पुन्हा तीच ओळ. पुन्हा काढली. तिसऱ्यांदा मात्र नुसते आकडे आले, स्वच्छ... आणि मला बरं वाटलं. आबांना एक फोन करावा हे मनात आलंच नाही असं नाही. पण ते जेवून आडवे झाले असतील, उगाच कशाला उठवा, असं म्हणून मी पुस्तिका पूर्ण केली.

साडेतीनला आईचा फोन आला. "आबा उठंनात रं... हितं पडल्यात, टेबलापाशी."

शेजाऱ्यांनी जीप काढली. मी बारामतीतच हॉस्पिटलच्या दारात उभा राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. आई आणि शेजारी आबांना घेऊन आले तेव्हा पाच वाजत आले होते. अर्धांगवायू. डॉक्टरांनी विचारलं, "हे नेमकं किती वाजता झालं? कुणी पाहिलं का?"

मी म्हणालो, "अकरा चाळीस."

आई माझ्याकडे बघायला लागली. "तुला कुनी सांगितलं?"

डॉक्टर म्हणाले, तसं असेल तर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली. दोन तास आधी आणलं असतं तर...

आठवड्याने मी ऑफिसात गेलो आणि निखिलला सगळं सांगितलं. त्याने टूलची सगळी नोंद काढली. तीन वेळा कमांड गेली, तीन वेळा उत्तर आलं, तिन्हीत फक्त आकडे. ती ओळ कुठेच नाही. पण पुस्तिकेच्या जुन्या आवृत्त्यांत ती आहे. दोनदा आलेली, दोनदा काढलेली, आणि काढणाऱ्याच्या जागी माझं नाव.

निखिलने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "राग मानू नकोस," तो म्हणाला, "पण मग ती तूच टाइप केली असणार."

असेलही. पण मला कसं कळलं असेल? आणि कळलं होतं, तर मी ती का काढली?

आबा आता घरी आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. परवा ती बाहेर गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो आणि विचारलं, "आबा, त्या दिवशी तुम्ही मला हाक मारली होती का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डावा हात थोडा वर उचलला, हलवला आणि खाली ठेवला. तो होकार होता की नकार, मला कळलं नाही. पुन्हा विचारायचं माझं धाडस झालं नाही.