विल्फने जपलेला पोचा

विल्फ ट्रँटरने जन्मभर दोन गोष्टी जपल्या: बापाची १९५१ची बीएसए मोटरसायकल आणि तिच्या हेडलाइटच्या पत्र्याच्या वाटीला पडलेला पोचा. बर्मिंगहॅमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात कुणी नवखा विचारायचाच, "एवढी चकाचक गाडी, मग हा पोचा का ठेवलात?"

विल्फ त्याचीच वाट बघत असायचा. "आमच्या धाकट्या भावाची करणी, सिरिलची! अडुसष्ट साली मागून नेली आणि दारू ढोसून भिंतीवर घातली. वर म्हणतो, मधेच दिवा गेला!"

सगळे हसायचे. त्या धडकेत सिरिल कायमचा लंगडा झाला, पण विल्फला पत्र्याचंच दुःख मोठं. सिरिलने नवी वाटी पाठवली, ती याने माळ्यावर फेकली. दिवा तेव्हापासून बंद. विल्फ दिवसाउजेडी गाडी चालवायचा, पण जुनी वाटी कधी उघडली नाही. पोचा काढला तर रडगाणं कशाचं गायचं?

यंदा मार्चमध्ये सिरिल गेला. त्याची मुलगी लॉरेन दारात येऊन उभी राहिली.

"काका, पप्पांच्या शवपेटीपुढे आजोबांची मोटरसायकल हवी. दिवा लावून. एवढंच मागत होते ते."

"दिवा बंद आहे."

"मग चालू करा की! का त्यालाही पप्पांनीच यायचं?"

अंत्ययात्रेत पुढच्या गाडीचा दिवा भर दुपारीही पेटलेला हवा, ही क्लबाची रीतच. विल्फला नाही म्हणता येईना. शिव्या घालत त्याने माळ्यावरची वाटी काढली आणि जुनी उघडायला घेतली. वाकलेली कड तेल पाजून पाजून सुटली, काच निघाली.

आत मुख्य वायर निसटून लोंबत होती. तिच्या खोबणीत काडेपेटीची एक काडी होती, अर्धी जळून कोळसा झालेली.

काडी विल्फचीच. त्या शनिवारी वायर ढिली लागली होती, सोल्डर करायला हवी होती. पण दुपारी अडीचला पब बंद व्हायचा. "सोमवारी बघू," म्हणून काडी ठोसून तो पळाला होता. त्याच रात्री गाडी सिरिलने नेली. धडकेने काडी मोडली असती, जळली नसती. ती आधीच ठिणग्यांनी जळत गेली, वायर सुटली आणि सिरिल काळोखात भिंतीवर गेला. पन्नास वर्षं तो खरं बोलत होता.

विल्फने वायर नीट सोल्डर केली. सिरिलची वाटी अशी बसली, जणू त्या गाडीसाठीच घडवली होती.

दफन झाल्यावर सगळे पबमध्ये जमले. लॉरेनने येऊन विल्फला मिठी मारली.

"काका, वाटी बदललीत! म्हणजे शेवटी पप्पांना माफ केलंत ना?"

काडी विल्फच्या खिशात होती. सांगायचं म्हणूनच तो ती घेऊन आला होता. पण भोवती क्लबातले सगळे उभे होते, त्याची गोष्ट ऐकून वर्षानुवर्षं हसलेले.

"केलं, पोरी," तो म्हणाला.