तांब्यावरची नावं

माझी बायको इतिहास लिहायची. मी चौथी पास, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. लग्नात लोक म्हणाले, हा जोडा काही जमायचा नाही. ती जाईपर्यंत जमलेलाच होता.

रिटायर झाल्यावर ती गावातल्या म्हाताऱ्यांच्या अंगणात जाऊन बसायची आणि एकच विचारायची. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, त्या आठवड्यात आपल्या गावात काय झालं? झालं ते असं. छळणारे रझाकार आधीच पळाले होते. राग निघाला तो मशिदीमागच्या गल्लीवर. पिंजारी, शिंपी, त्यांची लेकरं, हाताला लागले ते मारले आणि आडात टाकले. मारणारे आमचेच. माझा सख्खा चुलताही त्यात. तिनं ते पान आधी मला वाचून दाखवलं.

"ठेवू का काढू?"

"खरं हाय ना? मग मला काय विचारतीस?"

लिहिलेलं ती रोज संध्याकाळी मला वाचून दाखवायची. आता त्या वेळेला मी अंगण झाडतो. झाडलेलंच परत झाडतो.

पुस्तक छापून आलं आणि थोड्याच दिवसांत सरकारचा हुकूम आला. दोन समाजांत तेढ वाढते, विक्री बंद. गठ्ठे जीपमध्ये घालून नेले. वर सांगितलं, मेलेल्यांच्या नावांचं पान काढा, बाकीचं खुशाल विका. ती म्हणाली, "नावं काढली तर उरतो नुसता आड." ती कोर्टात गेली. तारखांवर तारखा पडल्या. या हिवाळ्यात ती गेली, तारखा काही संपल्या नाहीत.

दहाव्याचं करून नदीवरून आलो तर तहसीलचा एक साहेब ओसरीवर बसलेला. कागद काढून म्हणाला, "आजोबा, वारस म्हणून इथं सही करा. ते पान वगळायला हरकत नाही, एवढंच लिहिलंय. पुस्तक सुटेल. बाईंचा सत्कारही करू."

"मेलेल्या बाईचा? शाल कुणाच्या अंगावर घालता?"

"तुमच्या."

"मला थंडी वाजत न्हाई. आन वारस हाय ना मी? मग भांडणाचाबी वारस मीच. पुढच्या तारखेला मी येतो म्हणून सांगा."

चहा न घेता गेला. बरं झालं, घरात दूध नव्हतं.

आमच्याकडं तेरवीला भावकीत घरटी एक भांडं देतात, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव टाकून. घरात पुस्तकाची एक प्रत राहिली होती. ती पिशवीत घातली आणि सोनपेठला जाऊन तांबे घेतले. पानावर जितकी नावं, तितके तांबे. नाव टाकणारा मशीन हातात धरून पानाकडं बघत राहिला.

"काका, ही तर समदी मुसलमानांची नावं. तुमच्यात गेलं कोन?"

"बायको."

"मंग तिचं नाव?"

"हे तिचंच काम हाय. तू टाक."

त्यानं डोकं खाजवलं. "मंग पुढं कैलासवासी लावू का मरहूम?"

ती गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. "नुसतं नाव टाक बाबा. खाली आमच्या गावाचं."

तेरवीला पंगत उठल्यावर तांबे वाटले. बायकांनी घेतले, पुरुषांनी वाचले. त्याच चुलत्याचा पोरगा, माझ्यापेक्षा मोठा, त्यानं तांब्या माझ्यापुढं आदळला.

"बायकोच्या तेरवीला माझ्या बापाचा पंचनामा करतूस व्हय रं?"

"तुझा बाप माझा चुलता. मलाबी खांद्यावर खेळवलंय त्यानं. म्हणून झालेलं न झालं व्हतंय का?"

तो तणतणत गेला. तांब्या तिथंच राहिला.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्याचा जमादार आला. "आजोबा, तांबे गोळा करून द्या. वरून फोन आहे."

"वाटलेलं मी परत मागत न्हाई. तुमी जा घराघरात, उचला चुलीजवळून."

शेजारची म्हातारी भिंतीवरून ओरडली, "ने की रं भाऊ, माझा तांब्या! पर आधी त्यावरलं नाव मोठ्यानं वाच. मला दिसत न्हाई."

जमादारानं टोपी नीट केली आणि गाडीला किक मारली. परत येतील. येऊ द्या. पुस्तक अजून बंदच आहे, मी धोतर धुऊन तारखेची वाट बघतोय.

काल भरदुपारी चुलतभावाची सून आली. फळीवर पडलेला सासऱ्याचा तांब्या तिनं उचलला, पदरानं पुसला.

"मामा, आमच्या तांब्यावरली ही बाई कोन हुती?"

"बांगड्या भरायची. तुझ्या आजेसासूच्याबी हातात तिनंच भरल्या."

ती खाली बसली. "काय झालं तिचं, सांगा. दार लोटू का?"

"राहू दे उघडं," मी म्हणलं, आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगायला लागलो.