कोरा रकाना

मेढ्याच्या वरच्या जंगलात एक ओढा आहे. नोकरीभर मी त्याचंच पाणी मोजत आले. ओढ्याच्या पलीकडच्या काठाला खुणांची पट्टी रोवलेली; पाणी कुठवर चढलं ते रोज सकाळी आठला बघायचं आणि वहीत लिहायचं. हे काम गावातले, फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार करत. त्यांच्या वह्यांवर माझा स्वतःपेक्षा जास्त भरवसा होता.

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले असताना माझी विद्यार्थिनी साताऱ्याला घरी आली. इस्लामपूरची पोरगी, एरवी दारातूनच बडबड सुरू. त्या दिवशी आल्या आल्या हवालदारांच्या वह्याच काढल्या. तिनं ऐन पावसातले आठवडे उघडून दाखवले. आकडे ओळीनं चढत होते, ओळीनं उतरत होते. भरलेला ओढा इतक्या शिस्तीत वागत नाही.

"मॅडम, हे मोजलेले नाहीत."

मी तिच्यावरच उखडले. तिचा सगळा प्रबंध त्या पुरांवर उभा होता, आणि माझी निम्मी हयातही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी वह्या घेऊन गावात गेलो. हवालदारांना मी बसायच्या आधीच विचारलं, "यातलं खरं किती?" त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली. जराही गडबडले नाहीत.

"वढा भरला की पल्याड जाता येत न्हाई. तवाचं अंदाजानं लिवलंय."

"मग कोरं का नाही सोडलं?"

"आवं, तुमीच म्हनला हुता. पयल्या साली दोन रकानं कोरं ऱ्हायलं, तर वही फेकली तुमी. म्हनला, पुन्ना मोकळा रकाना दिसला तर दुसरा मानूस बघीन. आमी पलटनीतली मानसं. हुकूम म्हंजी हुकूम."

मला आठवलं. वही फेकल्याचंसुद्धा. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला बजावत आले. आणि ज्यांच्या नोंदीवर सगळं चालायचं त्यांना धमकी देऊन बसले होते.

पोरगी लाल पेन घेऊन त्यांच्या शेजारी बसली. "काका, एकेक दिवस सांगा." ते सांगत गेले, ती खोडत गेली. प्रबंध आता लांबणार हे तिला कळत होतं. तरी पेन थांबत नव्हतं. सुरुवातीच्या एका वहीतल्या, सगळ्यात मोठ्या पुराच्या आकड्यावर हवालदारांनी बोट ठेवलं.

"ह्यो ऱ्हाऊ दे, खरा हाय. तुमी वही फेकली त्याच्या फुडल्याच सालचा. कमरंला दोर बांधून उतरलो हुतो. पानी छातीच्या वर. बायकू काठावर रडत हुती. तिनं शपथ घातली, तवापासनं अंदाज."

माझ्या एका धमकीपायी हा माणूस पुरात उतरला होता.

"तोही खोड," मी म्हणाले.

"नाही मॅडम," ती वर न बघताच म्हणाली, "हा राहील. आणि तो कसा मिळाला तेही मी लिहिणार आहे."

मी म्हणाले, लिही.