भाजलेला वाफा

आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, राधानगरीकडची, डोंगरातली. तिचे दोघे भाऊ महाराजांच्या त्या नव्या धरणावर दगड वाहायला जायचे आणि घरची शेती म्हणजे भात. मी वडगावच्या बाजूचा, काळ्या रानातला. आमच्याकडं मिरची, शाळू, तंबाखू. दोन्हीकडची माणसं एकमेकांना शेतीतलं काही कळत नाही असं धरून चालायची. लग्नात तिच्याकडच्यांनी आमच्या बैलांना नावं ठेवली होती, ते मी अजून विसरलेलो नाही.

लग्नानंतर आमची दोन लेकरं गेली. पहिली मुलगी पाचवी पुजायच्या आधीच, आणि मुलगा दात येता येता. त्यावर मी फार लिहिणार नाही, मला ते जमत नाही. आमच्या भावकीत एक काकू होती, तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. ती विहिरीवर चारचौघींत बोलली, "तिच्या हाताला येश न्हाय बाई. काय जगतच न्हाय." ते हिच्या कानावर आलं. मी काठी घेऊन निघालो होतो, आईनं दारात आडवं येऊन थांबवलं. पण काठीनं काय होणार होतं? हिनं ते बोलणं खरं धरलं. शेजारणीचं पोर रडत आलं तरी ही उचलून घ्यायची नाही. नवं वासरू झालं, तर मला म्हणाली, "तुमीच बगा त्याचं. मी हात लावत न्हाय."

हिला कशात तरी गुंतवावं, असं आईनं मनात घेतलं. आमच्या घरचा मिरचीचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, अर्धं गाव न्यायचं. त्या साली आईनं तो वाफा हिच्या हवाली केला. ही नको नको म्हणाली, पण एकदा हातात घेतल्यावर तिनं त्यात जीव ओतला. माहेरी भाताच्या रोपासाठी जमीन भाजतात, तसा तिनं मिरचीचा वाफा भाजला. शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या, वर मातीचा थर, आणि वाऱ्याचा रोख बघून विस्तव. एकदा भाजून समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा एकदा. आमच्याकडं मिरचीचा वाफा कुणी भाजत नाही.

"अगं, मिरची लावायचीय का हुरडा खायाचाय?" मी म्हणालो.

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग भाजू दे म्हटलं, काय बिघडतंय.

वाफा तर असा देखणा झाला की रस्त्यानं जाणारा थांबून बघायचा. एक ओला कोपरा सोडला तर तणाची काडी नाही. बी उगवलं, दोन दोन पानं वर आली. ही सकाळी चूल पेटवायच्या आधी तिकडं जाऊन यायची. आणि मग रोपं थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. पाणी होतं, शेणखत होतं, राख होती, तरी ढिम्म. पानं मागच्या बाजूनं जांभळट पडली. शेजारच्या रानातली रोपं वीतभर झाली आणि आमची बोटाच्या पेराएवढी. ती काकू एकदा बघायला आली. बांधावर उभी राहिली, हिच्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. बोलली असती तर परवडलं असतं.

त्या दिवसापासून ही वाफ्याकडं जाईना. जेवणावरचं मन उडालं. एक दिवस मी भाकरी खात असताना समोर येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "मला म्हायेरी धाडा. दुसरी करा. ह्या घरात कायतरी जगू द्या."

मी तापट माणूस, मला ओरडण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. मी ओरडलो, "तरवा गेला खड्ड्यात! मला तू पायजेस." सगळ्या आळीनं ऐकलं असेल. ऐकू दे.

आईनं मात्र टोपली उचलली आणि वाफ्यावर गेली. पाठोपाठ मी. वाफ्याच्या एका कोपऱ्यात पाटाचं पाणी झिरपायचं, तिथं ओल असल्यामुळं विस्तव धरला नव्हता. तिथं हरळी माजली होती, आणि हरळीतच मिरचीची रोपं होती, चांगली काळीभोर हिरवी. बी तेच, पाणी तेच. आई उकिडवी बसून बराच वेळ बघत राहिली.

"हितली माती जित्ती हाय," ती म्हणाली. "बाकीची भाजून मेली. दुधाला इरजण लावत्यात तशी लावून बगू."

घरी येऊन तिनं हिच्या मनगटाला धरलं आणि वाफ्यावर आणलं. मी जुन्या मिरचीच्या रानातली मुळ्यांसकटची माती टोपलीनं आणत होतो, आणि आई ती त्या कोपऱ्यातल्या मातीत मिसळत होती. पण रोपांपाशी घालायची वेळ आली तेव्हा हिनं हात मागं घेतला.

"आत्याबाई, तुमी घाला. माजा हात नको."

"मला जमत न्हाय व्हय? पर तुजाच हात पायजे," आई म्हणाली. तिनं हिच्या ओंजळीत माती भरली, ओंजळीखाली आपली ओंजळ धरली, आणि अशा चार हातांनी त्या दोघींनी ओळीमागून ओळ माती घातली. आईची कंबर दुखायची, पण ती मधे उठली नाही. मी टोपली धरून उभा होतो, मला नीट दिसेना.

रोपांनी सवड घेतली. मग ठिकठिकाणी हिरवेपणा आला, जिथं माती जास्त पडली होती तिथं आधी. एका सकाळी हिनं वाफ्यावरनं मला हाक मारली, "अवं, फुटाय लागल्यात की!" लावणीला उशीर झाला, पण तरवा जगला. काकूही न्यायला आली. मी देणार नव्हतो, हिनंच दिला. पुढं आम्हाला मुलगी झाली, ती जगली, आणि माझ्या लेखी तो विषय तिथं संपला.

महाराज गेले, संस्थानही गेलं. मुलीचा मुलगा शेतकी कॉलेजात शिकायला लागला. सुट्टीत आला होता तेव्हा सोप्यात बसून एक मिरचीचं रोप उपटून मला मुळं दाखवत होता. म्हणाला, मुळांत एक बुरशी राहते, तिचे धागे डोळ्याला दिसत नाहीत इतके बारीक असतात. मुळं पोचत नाहीत तिथवर ते जातात आणि तिथलं स्फुरद, म्हणजे जमिनीतलं एक खाद्य, झाडाला आणून देतात. बदल्यात झाड तिला साखर देतं. मला ते ऐकून आमचा वाफा आठवला, आणि गंमत म्हणून मी त्याला सगळं सांगितलं.

"आजा, बुरशीच भाजली की ती," तो लगेच म्हणाला. "भाताच्या रोपाचं तिच्यावाचून फारसं अडत न्हाय, मिरचीचं अडतंय. स्फुरद मिळालं न्हाय, म्हणून पानं जांभळी पडली. कोपऱ्यातल्या मातीतनं ती परत आली. दुसऱ्या कुणी भाजला असता तरी हेच झालं असतं."

ही पलीकडं शेंगा फोडत बसली होती. तिचे हात थांबले.

"दुसऱ्या कुणी भाजला असता तरी?"

"व्हय आजी."

"म्हाराजांनी भाजला असता तरी?"

"तरीबी," तो हसून म्हणाला.

ती हसली नाही. माझ्याकडं वळून तिनं हळूच विचारलं, "अवं, मग ती दोघं... तीबी माज्या हातानं न्हवती गेली?"

इतकी वर्षं ही बाई हे मनात घेऊन माझ्या शेजारी बसत होती, जेवत होती, आणि मला पत्ता नव्हता.

"न्हाय गं," मी म्हणालो. "न्हाय."

तिनं पदरातल्या शेंगा खाली ठेवल्या, सरकत नातवाजवळ गेली आणि म्हणाली, "परत सांग, बाळा. सावकाश सांग."