काजूचं पान नक्की कसं असतं?

आज दुपारपासून जिवाला चैन नाही. तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं?

नातीने दारच्या काजूचं पान वहीवर ठेवून हुबेहूब आकार काढला. देठाकडे निमुळतं, टोकाकडे रुंद आणि गोल. खाली नावही अचूक लिहिलं, व्यस्त अंडाकृती. बाईंनी त्यावर लाल फुली मारली!

मी फांदी घेऊनच शाळेत गेले.

"काकी, गाईडमध्ये लंबगोल दिलंय हो," बाई म्हणाल्या.

"मग यंदाचे काजू गाईडलाच लागू देत!"

फुली तशीच राहिली. माझ्या लहानपणी आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर पान हातात दिल्याशिवाय आकाराचं नाव सांगत नसत.

आता आंब्याचं पान काढायचंय. पोर पेन्सिल धरून कधीची बसलीय. "आजी, झाडावरचा पान काढू काय गाईडातला?"

तुम्ही काय सांगितलं असतं?