शिमर, सासूबाई आणि टोलीचा हातपंप

माझ्या सासूबाईंचा उजवा डोळा मी एकदा हिरवा केला होता. (मारून नव्हे! आमच्या घरात मारामारीची पद्धत नाही आणि असती तरी सासूबाईंचे दंड बघून मी आधीच माहेरी पळाले असते.)

गोष्ट दोन हजार आठ-नऊची. माझं माहेर गोंदिया शहरातलं आणि सासर सौंदडच्या बाजूच्या एका खेड्यातलं. घरी धानाची शेती, दोन म्हशी, नवरा दिलीप आणि सासूबाई, म्हणजे सेवंताबाई. लग्नाला वर्ष झालं आणि मला वाटायला लागलं की या गावाला आपण काहीतरी द्यायला पाहिजे. गावाने मागितलं नव्हतं, पण मी द्यायचं ठरवलं. माहेरी राहून महिनाभराचा ब्युटी पार्लरचा कोर्स केला आणि परतताना गोंदियाच्या बाजारातून शिमर आयशॅडोचं पॅलेट घेतलं. बारा रंग! दुकानदार म्हणाला, "मॅडम, एकदम वॉटरप्रूफ है. पसीना आए, बारिश आए, हिलेगा नहीं."

तेव्हा मला तो गुण वाटला.

पहिला प्रयोग स्वतःवर केला. पापण्यांवर जांभळा, त्याच्यावर सोनेरी, कोपऱ्यात चंदेरी. मी दारात उभी राहून दिलीपची वाट बघत होते. तो शेतातून आला, माझ्याकडे बघतच सायकल भिंतीला टेकवायला गेला आणि म्हशीला टेकवली.

"काऊन व, डोळे आले काय तुले?"

"शिमर आहे हे!"

"असंन. पन डॉक्टरले दाखवून घे. घरभर पसरते ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरावासाठी चेहरा शोधायला लागले. शेजारणीने सांगितलं, तिच्या अंगात कणकण आहे. पलीकडचीने तर मला पॅलेट घेऊन येताना पाहिलं आणि दाराला आतून कडी लावली. मी तोंड पाडून परत आले. सासूबाई ओट्यावर तांदूळ पाखडत बसल्या होत्या. वय साठीच्या पुढे, हातभर गोंदण, चेहऱ्यावर आजवर फक्त उन्हाने मेकअप केलेला.

"काय झालं?"

"कुणी करूनच घेत नाही हो आई."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "मंग माह्यावर कर. शिकून आली तं कोनाच्या तरी तोंडावर शिकाच लागंन ना. माह्या तोंडाकडे कोन पाहून राहिलं?"

खरं तर दुसऱ्याच दिवशी अख्खं गाव त्यांच्या तोंडाकडे बघणार होतं. गावाबाहेर टोली, म्हणजे नवी छोटी वस्ती, झाली होती. तिथे पाण्याची सोय नव्हती. बाया नाल्यातून डोक्यावर पाणी आणायच्या. उद्या जिल्ह्याच्या मोठ्या मॅडम गावात येणार होत्या आणि हातपंप मागायचं काम बचत गटाच्या अध्यक्षीणबाईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे होतं. आठ दिवस त्या म्हशींसमोर भाषणाचा सराव करत होत्या. (म्हशींना आता सगळं पाठ होतं.)

पण उद्याचं उद्या! मी मोरपंखी हिरवा रंग काढला आणि उजव्या डोळ्याला लागले. सोपं नव्हतं. एका सुरकुतीत रंग भरला की शेजारची सुरकुती म्हणायची, मी राहिले! अर्ध्या तासाने एक डोळा झाला. असा झगमगला की अंगणातला कोंबडा दोन पावलं मागे सरला.

तेवढ्यात बचत गटातली रंजना धापा टाकत आली.

"काकू, चला! म्याडम आजच आली! शाळेत बसून हाये, अर्ध्या घंट्यात जाऊन राहिली म्हन्ते!" आणि मग तिने सासूबाईंकडे पाहिलं. "अगो माय! काकू, काय झालं वो?"

"काई नाही. सूनबाई शिकून राहिली," सासूबाई म्हणाल्या. "चाल तू, मी आली."

मी पाण्याने डोळा पुसला. रंग हलला नाही. दुकानदार शब्दाचा पक्का निघाला! साबण लावला. आता रंग हलला, पण गेला नाही, गालावर उतरला. घाबरून मी खोबरेल तेल चोळलं, तो कपाळावर चढला. तेलाची चमक मारावी म्हणून पावडर थापली, तर त्याचा लेप झाला! टॉवेलने तो लेप खरवडून काढला तेव्हा सासूबाई देवळातल्या पितळी मुखवट्यासारख्या लखलखत होत्या. डावा डोळा तेवढा आमच्या घरातला होता. त्याच टॉवेलने दिलीपने तोंड पुसलं आणि चमचमत सायकल काढायला गेला. त्याला सांगायला मला तोंड नव्हतं.

"आई, डावाही डोळा करून टाकू का? निदान जोडी दिसेल."

"एकाले अर्धा घंटा लावला तू. तवरिक म्याडम गोंदियाले पोचून जाईन."

"पण लोक हसतील हो!" मी रडायच्या बेतात आले होते.

"कायले रडतं? मले हातपंप मांगाचा हाये, नवरदेव नाही."

लुगड्याचा पदर खोचून त्या निघाल्यासुद्धा! मी मागे मागे, जमिनीकडे बघत.

शाळेच्या पटांगणात मॅडम टेबलापाशी बसल्या होत्या. मान फाइलमध्ये. लोक उठून बोलत होते आणि मॅडम वर न बघता "हं, पुढे" म्हणत होत्या. सासूबाई उभ्या राहिल्या. ऊन थेट त्यांच्या तोंडावर आलं. आधी पुढची पोरं हसली, मग बाया पदराआड हसल्या, मग गडीमाणसं उघड हसली. हसू कशाचं म्हणून मॅडमनी मान वर केली आणि त्यांचा पेन टेबलावरून खाली पडला.

सासूबाई थांबल्या. सगळ्यांचं हसून होईपर्यंत शांत उभ्या राहिल्या.

"पाहून झालं असंन तं आता आयका."

मी शपथेवर सांगते, असं बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. टोलीवर घरं किती, गरोदर बाया कोण, नाला कुठल्या महिन्यात आटतो, कोणाचा पाय घसरून घागरीसकट हात मोडला, सगळं नावानिशी. कागद नाही, अडखळणं नाही. त्या बोलत होत्या आणि मॅडम त्यांच्याकडेच बघत होत्या. ज्या डोळ्यावरून मला जमिनीत जावंसं वाटत होतं, तो डोळा त्यांनी एकदाही झाकला नाही.

"आजी," शेवटी मॅडमनी विचारलं, "डोळ्याला काय लावलंय?"

"सून कोर्स करून आली. लय हुशार हाये." (सगळं गाव माझ्याकडे वळलं. मी रंजनाच्या मागे गेले.) "माहा डोळा पाहून झाला, म्याडम. आता टोली पाहून घ्या."

असं म्हणून त्यांनी तोंडावरचा घाम तळहातांनी पुसला आणि मॅडमचे दोन्ही हात हातात धरले. तेल, पावडर, शिमर, सगळ्यासकट! मॅडमनी हात सोडवून घेतला आणि सवयीने कपाळावरचा घाम पुसला. कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवा, चमचमता पट्टा! मॅडमच्या मागे उभा असलेला कारकून आभाळाकडे बघायला लागला. सरपंचाला खोकला आला. सांगायची कोणाची छाती होईना.

"म्याडम," सासूबाई म्हणाल्या, "तुमालेबी लागलं."

मॅडमनी उठून जीपच्या आरशात पाहिलं. मी मनातल्या मनात माहेरच्या गाडीची वेळ आठवली. पण आरशासमोरून मॅडम वळल्या त्या खो-खो हसतच. पोट धरून हसल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि मग म्हणाल्या, "चला आजी. दाखवा टोली."

जीप तिथेच राहिली. पुढे दोघी लखलखत्या बाया, मागे गाव. नाल्याचा चढ मॅडम स्वतः चढून आल्या आणि वर पोचल्यावर एका बाईची भरलेली घागर स्वतः उचलून पाहिली. उन्हाळ्याआधी टोलीवर हातपंप आला. पहिलं पाणी हापसायचा मान बायांनी सासूबाईंना दिला आणि त्यांनी तो स्वतः न घेता, हात मोडलेल्या त्या बाईला दिला. मी गर्दीत उभी राहून टाळ्या वाजवत होते आणि नाक पुसत होते.

माझी मात्र हिंमत वाढली. पुढच्याच महिन्यात मी घराच्या पुढच्या खोलीत आरसा आणि खुर्ची लावून पार्लर उघडलं. पहिल्याच दिवशी सकाळी सात बाया रांगेत! मी पहिलीच्या गळ्यात टॉवेल बांधला.

"काय करायचं? भुवया की फेशियल?"

"ते राहू दे व," ती आरशात केस सारखे करत म्हणाली. "तुया सासूले बोलाव. रेशन कार्डाचं सांगाचं हाये."

आज इतकी वर्षं झाली. पार्लर जोरात चालू आहे, खुर्ची रिकामी म्हणून नसते, आणि माझ्या हातून अजून एकाही बाईची भुवई झालेली नाही. मी चहा छान करते, असं मात्र सगळ्या म्हणतात!